‘द लॅरमी प्रोजेक्ट’ बसवायला घेण्याआधी

ज्याच्यासाठी हे नाटक लिहिलं गेलं तो मॅथ्यू शेपर्ड रंगमंचावर येतच नाही. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठातला २१ वर्षांचा समलिंगी विद्यार्थी. ऑक्टोबर १९९८ मध्ये लॅरमी गावाबाहेर दोन तरुणांनी त्याला बेदम मारून कुंपणाला बांधलं. साधारण १८ तासांनी तो एका सायकलवाल्याला दिसला, तेही आधी बुजगावणंच वाटलं. १२ ऑक्टोबरला मॅथ्यू गेला. यातलं काहीच दाखवायचं नाही. गाव बोलतं, तेवढंच.

नाटककार-दिग्दर्शक मोइसेस कॉफमन आणि त्याच्या टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्ट या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी गावात फेऱ्या मारून दोनशेवर मुलाखती घेतल्या आणि त्यातून हे तीन अंक बांधले. पहिला प्रयोग २००० साली डेन्व्हरला झाला. नट आठ, पात्रं साठांवर. सगळ्यांना काम मिळावं म्हणून हौशी संस्था वीस-बावीस जण उभे करतात आणि तिथेच नाटक सैल पडतं. मघाशी मॅथ्यूसाठी हळहळलेलं तोंडच थोड्या वेळाने समलिंगींना पापी ठरवताना दिसलं पाहिजे. एकाच गावात ही दोन्ही माणसं राहतात, हे प्रेक्षकाला त्याशिवाय जाणवत नाही.

नेपथ्य म्हणजे चार टेबलं-खुर्च्या. कपडे आणि वस्तू प्रेक्षकांसमोरच ठेवायच्या. टोपी, चष्मा किंवा एखादा शर्ट बदलला की माणूस बदलला. विग, मिशा नकोत. बदल वाक्याच्या ओघात व्हावा, त्यासाठी ब्लॅकआउट (रंगमंचावर पूर्ण अंधार) घेतला तर पहिल्या अंकातच दमछाक होते. मराठीत करणाऱ्यांना आणखी एक धोका आहे, बोलीचा. लॅरमीच्या लोकांच्या तोंडी कोल्हापुरी किंवा वऱ्हाडी घातली की आपला प्रेक्षक सवयीने हसतो, आणि बारमालकापासून धर्मगुरूपर्यंत सगळेच विनोदी होतात. साधी बोली ठेवावी, फरक लयीत काढावा.

दुसरा अंक सर्वांत बांधीव. इस्पितळाचा प्रवक्ता पत्रकारांना मॅथ्यूच्या प्रकृतीची निवेदनं वाचून दाखवतो. ती कोरडीच वाचायची. त्याचा आवाज फुटतो तो शेवटच्या निवेदनात; पहिल्यापासून गळा दाटवला तर तिथे काही शिल्लक राहत नाही. ज्या महिला पोलिसाने मॅथ्यूला सोडवलं तिच्या हातांवर जखमा होत्या आणि मॅथ्यू एचआयव्हीबाधित असल्याचं नंतर कळलं. हा धागा तिसऱ्या अंकापर्यंत ताणलेला आहे, तेव्हा या भूमिकेला खमकी नटी द्यावी. आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरचा प्रवेश छोटा, पण नाटकाचा कणा म्हणावा असा: त्या रात्री त्याने मॅथ्यूवर आणि त्याला मारणाऱ्यांपैकी एकावर, दोघांवरही उपचार केले, त्यांचा एकमेकांशी काय संबंध हे माहीत नसताना.

तिसरा अंक लांबतो. मुलाखती घेणाऱ्या नटांचे स्वतःबद्दलचे तुकडे आम्हाला कायमच जरा आत्मकौतुकाचे वाटत आलेत. पण परवानगीशिवाय ओळ कापता येत नाही. मराठी भाषांतराचे हक्कही वेगळे मागावे लागतात, त्यामुळे तालमी सुरू करण्याआधी पत्रव्यवहार उरकावा. मॅथ्यूच्या वडिलांचं कोर्टातलं निवेदन याच अंकात येतं. मारेकऱ्याला फाशी नको, असं ते सांगतात. मागे संगीत नको, फिरता प्रकाश नको, नटाने जागचं हलू नये. कणव दाखवायला गेलं की हे भाषण उपदेश होतं. त्यात राग आहे, तो राहू द्यावा.

जमल्यास प्रयोगानंतरच्या आठवड्यात ‘दहा वर्षांनंतर’ या उत्तरभागाचं अभिवाचन ठेवावं. १२ ऑक्टोबर २००९ ला तो एकाच दिवशी शेकडाहून अधिक नाट्यगृहांत वाचला गेला होता. त्यात लॅरमीचेच काही लोक सांगू लागलेत की मॅथ्यूच्या खुनामागे द्वेष वगैरे नव्हताच, लुटीचा मामला होता.