फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटी: ठेवीदाराच्या बाजूने एक परीक्षण

घरकाम करणारा नोकर पाच डॉलर घेऊन आला, तर त्याचे खाते कोणती बँक उघडेल, या प्रश्नाला 1816 सालच्या नोव्हेंबरपर्यंत अमेरिकेत उत्तरच नव्हते. तेव्हाच्या बँकांचा सारा व्यवहार व्यापाऱ्यांशी आणि त्यांच्या हुंड्यांशी होता. मजुराच्या चार पैशांची वहीत नोंद करण्याची तसदी घ्यावी, असे त्यांना वाटत नसे. 2 डिसेंबर 1816 रोजी फिलाडेल्फिया सेव्हिंग फंड सोसायटीने कामकाज सुरू केले आणि तिचा पहिला ठेवीदार ठरला कर्टिस रॉबर्ट्स. संस्थापक कॉन्डी रॅगे यांच्याकडे कामाला असलेल्या या कृष्णवर्णीय माणसाने पाच डॉलर जमा केले. मालकाच्या शब्दाखातर तो आला असणे शक्य आहे. तरीही ज्या देशात लाखो कृष्णवर्णीय अजून गुलामीत होते, तिथे बचत बँकेच्या पहिल्या नोंदीत त्याचे नाव असावे, ही गोष्ट मला या संस्थेच्या पुढच्या सगळ्या वैभवापेक्षा मोलाची वाटते.

बोस्टनच्या प्रॉव्हिडंट इन्स्टिट्यूशनला त्याच महिन्यात राज्याची सनद मिळाली, तर फिलाडेल्फियाच्या संस्थेला सनदेसाठी 1819 पर्यंत थांबावे लागले. त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा, यावर दोन्ही शहरांचा दावा आहे. ठेवीदाराच्या दृष्टीने मात्र प्रत्यक्ष पैसे आधी कोणी स्वीकारले, हेच महत्त्वाचे.

सेवेचे स्वरूप साधे होते. संस्थेला भागधारक नव्हते. कारभार पाहणारे विश्वस्त शहरातले प्रतिष्ठित लोक असत आणि या कामाचा मोबदला घेत नसत. गुंतवणुकीतून जे मिळे त्यातून खर्च वजा जाता ठेवीदारांना व्याज दिले जाई. स्कॉटलंडमधील रुथवेल गावी हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने 1810 मध्ये सुरू केलेल्या बचत बँकेपासून हा विचार पसरत आला होता. गरिबाला काटकसर शिकवावी, म्हणजे त्याचा भार दानधर्मावर पडणार नाही, ही वरच्या वर्गाची शिकवणूक त्यात होतीच, आणि ती आजच्या वाचकाला खटकते. पण ठेवीदारांनी त्या शिकवणुकीतून आपल्या उपयोगाचे तेवढे घेतले. एकोणिसाव्या शतकातील खातेदारांत घरकाम करणाऱ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ज्या काळात विवाहित स्त्रीच्या कमाईवर कायद्याने नवऱ्याचा हक्क चाले, त्या काळात कष्टकरी स्त्रीला स्वतःच्या नावाचे खाते मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

या संस्थेची सर्वांत देखणी सेवा म्हणजे तिची 1932 मध्ये पूर्ण झालेली मार्केट स्ट्रीटवरील छत्तीस मजली इमारत. जॉर्ज हाऊ आणि विल्यम लेस्केझ या वास्तुकारांची ही रचना अमेरिकेतील इंटरनॅशनल शैलीतली (नक्षीकाम टाळून साध्या, सरळ रेषांवर भर देणारी आधुनिक शैली) पहिली गगनचुंबी इमारत मानली जाते. संस्थेचे अध्यक्ष जेम्स विलकॉक्स स्वभावाने जुन्या वळणाचे होते आणि इमारतीची उंची नजरेत भरावी म्हणून उभे खांब बाहेरून दिसलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. वास्तुकार आणि अध्यक्ष यांच्या या ओढाताणीतून इमारतीला जो डौल आला, तो कोण्या एकट्याच्या हातून आला नसता. तळमजल्यावर भाड्याने द्यायची दुकाने ठेवून बँकेचे दालन वरच्या मजल्यावर नेले आणि तिथे जायला सरकता जिना बसवला. गुळगुळीत काळ्या ग्रॅनाइटचा, कोपऱ्यावर गोलाईने वळणारा पाया, वरचे उंच छताचे दालन आणि लिफ्टपाशी लावलेली कार्टिएची घड्याळे यांतून पाच-दहा डॉलर भरायला आलेल्या माणसाला धनिकाच्या तोडीचा मान मिळे. संपूर्ण वातानुकूलन तेव्हा उंच इमारतींत अपूर्वाईचेच होते. छतावर सत्तावीस फूट उंचीची ‘पीएसएफएस’ ही संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत, कारण पूर्ण नाव लिहिले असते तर दुरून वाचताच आले नसते. महामंदीत देशभर बँका बुडत असताना ही लाल अक्षरे रात्री उजळलेली दिसत, आणि ठेवीदाराला त्याहून वेगळ्या जाहिरातीची गरज नव्हती.

उणीव सांगायची तर ती व्यवसायाच्या मुळाशीच होती. ठेवी केव्हाही काढता येणाऱ्या आणि त्यांतून दिलेली घरकर्जे मात्र दीर्घ मुदतीची, ठरावीक व्याजाची. भाव स्थिर होते तोवर हे निभावले. 1970 च्या दशकाअखेरीस महागाई भडकली, ठेवींवरच्या व्याजाला सरकारी कमाल मर्यादा होती, आणि लोकांनी पैसे काढून बाजारदराने जास्त व्याज देणाऱ्या मनी मार्केट फंडांत टाकले. देशातील बहुतेक बचत बँका या कात्रीत सापडल्या. 1982 मध्ये या संस्थेने डबघाईला आलेली वेस्टर्न सेव्हिंग फंड सोसायटी सरकारी ठेव विमा महामंडळाच्या संमतीने आपल्यात विलीन करून घेतली. त्या व्यवहारातील तूट नावलौकिकाची रक्कम (हिशेबातले ‘गुडविल’) म्हणून वर्षानुवर्षे भांडवलात धरता येईल, असे आश्वासन तिला मिळाले होते. पुढे संस्थेने भाग (शेअर) विक्रीस काढले आणि मेरिटर हे नवे नाव घेतले. माझ्या मते सेवेचा सूर बिघडला तो इथेच, कारण आता ठेवीदाराखेरीज भागधारकालाही उत्तर देणे आले. मेरिटर या नावात फिलाडेल्फियाही नव्हते आणि बचतही नव्हती. नंतर नियामकांनी ते भांडवल ग्राह्य धरण्यास नकार दिला आणि 11 डिसेंबर 1992 रोजी बँक बंद करून तिच्या ठेवी मेलन बँकेकडे सोपवल्या. ठेवीदारांचे पैसे सुखरूप राहिले. सरकारने दिलेला शब्द मोडला, हे भागधारकांचे म्हणणे पुढे न्यायालयानेही मान्य केले, पण तोवर संस्था उरली नव्हती.

इमारतीत 2000 पासून लोज हे हॉटेल आहे आणि जुने दालन समारंभांसाठी दिले जाते. फिलाडेल्फियाला जाणाऱ्याने मुक्काम दुसरीकडे असला तरी आत शिरून दालन पाहता येईल का, हे स्वागतकक्षात जरूर विचारावे. छतावरची अक्षरे पाहायची असतील, तर अंधार पडल्यावर जावे.