रोसुवास्टॅटिन १० एमजी: आठ महिने घेतल्यानंतर, आणि न घेता काढलेले एकोणीस दिवस

मी डॉक्टर नाही. गिट्टीखदानात घरीच आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. वय ५१, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करायला सांगितलीय आणि हातात स्ट्रिप घेऊन बसलोय, अशी अवस्था असलेल्यांसाठी हे लिहितेय. तेव्हा मला असं काहीतरी वाचायला हवं होतं. सापडली ती फक्त घाबरवणारी माणसं.

ऑगस्टमध्ये सहज केलेल्या तपासणीत एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) १८८ आलं. कागदावर तो आकडा ठळक छापलेला आणि शेजारी वर जाणारा बाण. माझे बाबा ५३ व्या वर्षी झोपेत गेले. त्यामुळे तो बाण पाहिल्यावर मी पहिली वजाबाकी केली ती ५३ मधून ५१ ची.

डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी जेवण आणि चालणं करून पाहू. केलं. बेकरीचं आणि वनस्पती तुपातलं सगळं बंद. रविवारचे तर्री पोहे महिन्यातून एकदा, तेही तर्री वरची वर न घेता खालचे चणे घेऊन. गोळाभातावर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतायचं असतं, ते चमच्यानं मोजून. यांचं सावजी मटण चालूच होतं, मी ताटलीत दोन फोडी आणि भाकरी एवढ्यावर थांबायची. नोव्हेंबरात पुन्हा रक्त दिलं. एलडीएल १८०. तीन महिन्यांच्या उपासमारीची कमाई आठ. मला रडू आलं, पण डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, यकृताचा त्यात मोठा वाटा, तुमच्या घराण्याचं यकृत जरा उत्साही दिसतंय. थायरॉईड आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) तपासून घेतलं (थायरॉईड मंद असलं तरी कोलेस्टेरॉल चढतं), दोन्ही ठीक. मग रोसुवास्टॅटिन १० (स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांच्या गटातली), रोज एक.

ती स्ट्रिप मी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि एकोणीस दिवस तिला हात लावला नाही.

घरात कोणाला सांगितलं नाही. हे विचारायचे, "घेतली का गोळी?" मी म्हणायची, हो. रात्री मोबाईलवर वाचत बसायची: स्नायू विरघळतात, विसरभोळेपणा येतो, साखर वाढते, एकदा लागली की सुटत नाही. त्यात जाऊबाई घरी आल्या. "काहून सुरू करून राहिले वहिनी तुम्ही ते केमिकल? अर्जुनाच्या सालीचा काढा घ्या ना, न् जवसाची चटणी. आमच्या शेजारणीचं सगळं उतरलं." जवसाची चटणी मी तशीही खाते, चव म्हणून. काढ्याबद्दल डॉक्टरांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले की गोळीऐवजी तो नको, आणि गोळीसोबत घ्यायचा विचार असेल तर मला न सांगता नको.

गंमत अशी की मला गोळीचीही भीती होती आणि गोळी न घेण्याचीही. दिवसा पहिली, रात्री दुसरी. दोन वाजता जाग यायची, उशाशी ठेवलेल्या घड्याळावर टॉर्च मारून नाडी मोजायची. ९६. मग मोजल्यामुळे १०८. डावा हात जड वाटायचा, बोटांना मुंग्या. एका रात्री यांना उठवलं आणि स्कूटरवर मागे बसून रामदासपेठेत गेले. ईसीजी अगदी सरळ. ड्यूटीवरच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "काकू, श्वास फार भराभर घेताय का?" घेत होते. मुंग्या त्याच्या होत्या. तरी अशा वेळी घरी बसून अंदाज करू नका. छातीत दुखलं, घाम फुटला तर आधी ईसीजी, लाज नंतर.

विसाव्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "वही ठेवता का? मग आजपासून रोज रात्री लिहा, अंग किती दुखतंय, शून्य ते दहा. आठ दिवस फक्त लिहा. गोळी नवव्या दिवशी." मला त्यातली मेख तेव्हा कळली नाही.

नवनीतची शंभर पानी वही, डाव्या बाजूला तारीख, मग पोटऱ्या, मांड्या, खांदे, डोकं. आठ दिवसांत पोटऱ्या ३, ४, ४, २, ५, ३, ४, ३. कारण उघड होतं, तीन महिन्यांपासून मी रोज सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ चढत होते, जपानी गार्डनपर्यंत आणि परत. १२ डिसेंबरला सकाळच्या चहानंतर पहिली गोळी घेतली. त्या रात्री पोटऱ्या ६! मी यांना म्हटलंसुद्धा, "बघा, सांगत होते ना." यांनी वही हातात घेतली, मागची पानं चाळली आणि परत दिली. काही बोलले नाहीत. दुखणं आधीपासूनच होतं. त्या रात्री फक्त त्याला नाव मिळालं होतं.

नंतर शोधताना एक प्रयोग वाचनात आला, तो मी दहावीच्या पोरांना सरासरी शिकवताना सांगते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या लोकांनी २०२० मध्ये छापलेला. त्रास होतो म्हणून ज्यांनी स्टॅटिन सोडलं होतं अशा ६० जणांना घेतलं. बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या: चारांत खरी गोळी, चारांत दिसायला तशीच पण औषध नसलेली, चार रिकाम्या. रोज त्रासाचे गुण शंभरपैकी द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या गोळीच्या १६.३. आता रिकाम्या महिन्याचे ८ दोन्हींतून वजा करा. ७.४ भागिले ८.३. म्हणजे गोळीमुळे म्हणून जो त्रास वाढला, त्यातला जवळजवळ नऊ दशांश औषध नसलेल्या गोळीनंही झाला. दुखणं खोटं नव्हतं हो, दुखत होतंच. पण ते आणत होती गोळी घेतल्याची जाणीव. उरलेला एक दशांशही आहे, तो नाही असं मी म्हणत नाही. पायऱ्या चढवत नाहीत इतकी अशक्ती आली किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर वहीत गुण लिहीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते सीपीके नावाची तपासणी करतात, स्नायूंना इजा झालीय का ते बघायला.

डिसेंबरात आणखी एक प्रकरण झालं. काटोलहून भावानं संत्र्यांची पेटी पाठवली, आंबिया बहाराची, वास सगळ्या घरात. मी कुठंतरी वाचलेलं की स्टॅटिनवर आंबट फळं चालत नाहीत. नागपूरच्या बाईला संत्रं बंद! पेटी चार दिवस बाल्कनीत तशीच. शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. (बाहेरगावच्यांसाठी: नागपुरात मेडिकल म्हटलं की आधी ते मोठं सरकारी हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. मी औषधाच्या दुकानाबद्दल बोलतेय.) तिथला मुलगा हसला. "मॅडम, ते ग्रेपफ्रूट. आपलं संत्रं नाही." ग्रेपफ्रूटमधले घटक आतड्यातल्या एका एन्झाइमला अडवतात, त्यामुळे अॅटोरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिनसारख्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. रोसुवास्टॅटिन त्या वाटेनं फारसं जातच नाही. ज्यांना अॅटोरव्हास्टॅटिन आहे त्यांनी ग्रेपफ्रूट आणि त्याच्या नात्यातलं पपनस याबद्दल जरूर विचारावं. त्या दिवशी घरी येऊन मी उभ्या उभ्या पाच संत्री सोलली.

त्याच मुलानं न विचारता एक कामाची गोष्ट सांगितली. जळजळीवरचं पांढरं अँटासिड रोसुवास्टॅटिनसोबत घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही, गोळीनंतर दोन तासांनी घ्या. ज्या घरात सावजी रस्सा शिजतो त्या घरात ही माहिती फ्रिजवर चिकटवण्यासारखी आहे.

खरे दुष्परिणाम विचाराल तर पहिले दहा-बारा दिवस पोट साफ होत नव्हतं आणि दोनदा डोकं दुखलं. नंतर नाही. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८ होतं, जुलैत ५.९ आलं. स्टॅटिननं साखर किंचित वाढू शकते हे खरं आहे, आणि माझी आधीच काठावर होती. डॉक्टरांच्या मते फायदा त्याहून मोठा. मला पटलंय, पण आनंदानं नाही. संध्याकाळचा साखरेचा चहा गेला.

आणि परिणाम? फेब्रुवारीत उपाशीपोटी रक्त दिलं. रिपोर्ट हातात घेतल्यावर आकडा न बघता आधी स्वतः हिशेब करायचा असं ठरवलं होतं. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत, काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीचा पाचवा भाग वजा (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही). नोव्हेंबरात २६२ वजा ४१ वजा २०५ चा पाचवा भाग ४१, बरोबर १८०. फेब्रुवारीत १६८ वजा ४३ वजा ३०. पंच्याण्णव. लॅबच्या बाकावर बसून रिपोर्टच्या पाकिटावर पेनानं मांडलं, दोनदा. शेजारचे आजोबा म्हणाले, "बाई, बिल जास्त लावलं का?"

पथ्यानं आठ, गोळीनं पंच्याऐंशी. चालणं सोडलेलं नाही, त्यानं झोप आणि बीपी सुधारलं. पण आकडा कोणी उतरवला याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

भीतीसाठी मात्र गोळीचा उपयोग शून्य. आकडा निम्म्यावर आला तरी रात्री दोनला जाग येतच होती. धंतोलीत एका समुपदेशक बाईंकडे चार वेळा गेले, तिथं जायलाही मला महिना लागला. त्यांनी सांगितलेल्यापैकी एकच गोष्ट टिकली: काळजीला वेळ ठरवून द्या. माझी वेळ संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात, सातची बॅच यायच्या आधी. दिवसभरात जे मनात येईल ते वहीत एका ओळीत लिहायचं आणि साडेसहाला बसून मनसोक्त घाबरायचं. पहिल्या आठवड्यात हसू आलं. तिसऱ्या आठवड्यात बसले की अर्ध्या ओळी शिळ्या झालेल्या असायच्या. मोबाईलवर आजार शोधणं बंद, प्रश्न कागदावर लिहून थेट डॉक्टरांपुढे. हे अजून पूर्ण जमत नाही.

उन्हाळ्याचं सांगायचं राहिलं. पाकिटावर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलंय आणि नवतपात आमच्या स्वयंपाकघरात भिंत चटका देते. स्कूटरच्या डिक्कीत स्ट्रिप विसरू नका. कूलरसमोरही नको, ओल धरते. मी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून आतल्या खोलीत खालच्या फळीवर ठेवली. गोळी सकाळी की रात्री? रोसुवास्टॅटिनला फरक पडत नाही, रोज एकाच वेळी घेतली म्हणजे झालं. जेनेरिक घेतली तर खर्च बराच कमी होतो, मी तीच घेते.

जुलैचा एलडीएल ९९ आला. ९५ चे ९९. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक तर दोन वेगळ्या दिवशी रक्त दिलं तरी पडतो. मला ते कळतं, मी स्वतः पोरांना मोजमापातली चूक शिकवते. तरी त्या रात्री दोनला उठले. घड्याळाकडे हात गेला होता, तो मागे घेतला. वहीत लिहिलं, "९९. उद्या साडेसहा." आणि कूलरचं पाणी संपलं होतं, ते भरून आले.