ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपसाठी हवेच्या पिशव्या : ‘लोडलिफ्टर ५००० अल्टिमेट’ संचाचे परीक्षण

मिशिगनमधील लॅन्सिंग येथील एअर लिफ्ट ही कंपनी १९४९ पासून वाहनांसाठी हवेच्या स्प्रिंग तयार करते. तिचा ‘लोडलिफ्टर ५००० अल्टिमेट’ हा संच मी माझ्या फोर्ड एफ-१५० पिकअपला घरीच बसवला आणि त्यानंतर प्रवासी ट्रेलर जोडून उन्हाळ्यापासून पानगळीपर्यंत वापरला. संचाचा दर्जा उत्तम आहे आणि योग्य गाडीसाठी मी त्याची शिफारस निःशंकपणे करीन. मात्र पुष्कळ लोक तो बसवला की गाडी जास्त भार सुरक्षितपणे पेलेल, या अपेक्षेने विकत घेतात, आणि ते काम तो करत नाही. अमेरिकेत आपल्यापैकी अनेक कुटुंबे आता ट्रेलर घेऊन लांबच्या प्रवासाला निघतात. मागे मुले बसलेली असताना या गैरसमजाची किंमत फार मोठी असू शकते, म्हणून या लेखनाचा मोठा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या एअरबॅगशी या पिशव्यांचा काहीही संबंध नाही. मागचा ॲक्सल आणि चासी यांच्या मधल्या जागेत, डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक, जाड रबराची दोन वळ्यांची पिशवी बसते. गाडीचे मूळचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, जागच्या जागी राहतात आणि पिशव्या त्यांना हातभार लावतात. त्यांत ५ ते १०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) इतका दाब ठेवता येतो. नावातील ५००० हा आकडा दोन्ही पिशव्यांची मिळून असलेली, पौंडांतली कमाल आधारक्षमता दर्शवतो. ‘अल्टिमेट’ प्रकारात प्रत्येक पिशवीच्या आत एक रबरी बफर असतो, त्यामुळे वाटेत हवा निघून गेली तरी पिशवी चिरडली जात नाही आणि गाडी चालवत घरी आणता येते. साध्या प्रकारापेक्षा अल्टिमेट घ्यावा, असे मी याच एका कारणासाठी सांगेन.

ट्रेलर जोडल्यावर पिकअपचा मागचा भाग बसतो. हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जातो, पेट्रोल पंपाच्या उतारावर हिच, म्हणजे ट्रेलर जोडण्याचा मागचा सांधा, जमिनीला घासतो आणि ट्रेलरचे नाक खाली झुकल्यामुळे त्याच्या दोन ॲक्सलांवर भार असमान पडतो. या तिन्ही तक्रारी संचाने दूर केल्या. काँक्रीटच्या महामार्गावर सांध्यांमागून सांधे येतात, तेव्हा गाडी पुढेमागे डोलत राहण्याचे प्रमाणही कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही, कारण पिशवी स्प्रिंगचा ताठरपणा वाढवते आणि झोके शमवण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बरचेच राहते. शॉक ॲब्सॉर्बर जुने झाले असतील तर आधी ते बदलावेत. दोन्ही पिशव्यांना हवेची स्वतंत्र नळी दिल्यामुळे वळणावर एका पिशवीतील हवा दुसरीत जात नाही. शिवाय हौद्यात एका बाजूला जनरेटर ठेवला असेल, तर त्या बाजूला थोडी जास्त हवा भरून गाडी समतल करता येते.

आता मुख्य मुद्दा. हिचचा गोळा मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असतो, म्हणून त्यावर पडणारे वजन तरफेसारखे काम करते. माझ्या गाडीच्या प्रकारात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधील अंतर सुमारे १४५ इंच असते. गोळा मागच्या ॲक्सलपासून ६० इंच मागे आहे आणि त्यावर ९०० पौंड भार आहे असे धरले, तर मागच्या ॲक्सलवर ९०० नव्हे, तर जवळजवळ १,२७० पौंड वाढतात. हे वरचे ३७० पौंड पुढच्या चाकांवरून उचलले जातात. गाडी वळते ती पुढच्या चाकांवर आणि ब्रेक लावताना सर्वाधिक पकडही त्यांचीच लागते. हवेची पिशवी मागचा भाग वर उचलते, पण त्या ३७० पौंडांपैकी व्यवहारात काहीही पुढे परत पाठवत नाही. गाडी समतल दिसते, चालकाला हायसे वाटते आणि पुढची चाके मात्र तितकीच हलकी राहतात. मागे बसलेली गाडी निदान काहीतरी बिघडले आहे हे दाखवते. पिशव्यांनी वर उचललेली गाडी ते लपवते.

वजन पुढच्या चाकांकडे परत नेण्याचे काम भार विभागणाऱ्या हिचचे आहे. त्याच्या दोन स्प्रिंग-दांड्या हिच आणि ट्रेलरची चौकट यांच्यात ताण निर्माण करून भाराचा काही हिस्सा पुढच्या ॲक्सलवर आणि काही ट्रेलरच्या ॲक्सलवर ढकलतात. गाडीच्या माहितीपुस्तिकेत असा हिच वापरण्यास सांगितले असेल, तर पिशव्या हा त्याला पर्याय नाही. दोन्ही एकत्र वापरता येतात, पण पिशव्यांत हवा जास्त भरली की हिच वर उचलला जातो, दांड्यांचा ताण उतरतो आणि पुढे नेलेले वजन पुन्हा मागे येते. म्हणून पिशव्यांत किमान दाब ठेवून आधी दांड्या जुळवाव्यात, पुढच्या चाकावरील मडगार्डची उंची माहितीपुस्तिकेत सांगितल्याइतकी परत आली की नाही ते मोजपट्टीने तपासावे आणि त्यानंतर उरलेल्या किरकोळ फरकापुरतीच हवा भरावी, ही पद्धत मला सर्वांत समाधानकारक वाटली.

मोजपट्टीवर थांबू नये. महामार्गांवरील ट्रक-थांब्यांवर असलेल्या कॅट स्केल या वजनकाट्यांवर ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांचे वजन एकाच वेळी वेगवेगळे मिळते. एकदा नुसता पिकअप, एकदा ट्रेलर जोडून पण दांड्या न लावता आणि एकदा दांड्या लावून असे वजन करावे. त्या पावत्या शेजारी ठेवल्या की पुढच्या ॲक्सलवरून किती वजन गेले आणि किती परत आले, हे डोळ्यांना दिसते. चारशे-पाचशे डॉलरच्या घरातील या संचापेक्षा या तीन पावत्या कितीतरी स्वस्त आहेत आणि त्या संच विकत घेण्याच्या आधी हातात असाव्यात, असा माझा आग्रह आहे.

कारण पिशव्यांमुळे गाडीची भारक्षमता एका पौंडानेही वाढत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेले असते, आणि ॲक्सल, चाके, टायर, ब्रेक व चासी यांच्या मर्यादा संच बसवल्यावरही त्याच राहतात. ५,००० हा आकडा पिशव्यांचा आहे, पिकअपचा नव्हे. समजा पट्टीवर १,६०० पौंड लिहिले आहे आणि ट्रेलर ७,००० पौंडांचा आहे. अशा ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर यावा लागतो. १३ टक्के धरले तर ९१० पौंड झाले. भार विभागणाऱ्या हिचचे स्वतःचे वजन १०० पौंडांच्या आसपास असते. उरलेल्या ५९० पौंडांत चार माणसे, शीतपेटी, सायकली आणि हौद्यातील अवजारे बसवायची आहेत. एफ-१५० सारखे, अर्ध्या टनाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गातील पुष्कळ पिकअप जाहिरातीतील ओढण्याच्या क्षमतेपर्यंत पोहोचण्याच्या कितीतरी आधी या पट्टीच्या मर्यादेवर अडकतात. तिथे उत्तर हलका ट्रेलर किंवा मोठा पिकअप हेच आहे. अतिभार असताना पिशव्या फुगवणे तर अधिक घातक, कारण पाट्यांमार्फत दोन टोकांना विभागला जाणारा भार पिशवीमुळे चासीच्या एका जागी एकवटतो.

ट्रेलर शेपटासारखा डावीकडे-उजवीकडे झुलत असेल, तर त्यावरही हा उपाय नाही. झुलण्यामागे बहुधा हिचवर पुरेसे वजन नसणे, ट्रेलरमधील सामान फार मागे रचलेले असणे किंवा अतिवेग ही कारणे असतात. मिशिगनमधील मॅकिनॉ पुलासारख्या, पाण्यावरून जाणाऱ्या सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या पुलावर आडवा वारा लागला की सामान नीट रचलेले आहे की नाही याची परीक्षा होते आणि तिथे पिशवीतील हवेचा उपयोग नसतो.

संच बसवणे अवघड नाही. साधारण हत्यारे आणि टॉर्क पाना असेल, तर सवय असलेल्या माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. माझ्या गाडीत चासीला भोके पाडावी लागली नाहीत. मूळचा रबरी बफर काढून त्या जागी वरची पट्टी आणि ॲक्सलवर खालची पट्टी आवळली की पिशवी बसते. वेळ जातो तो नळ्या टाकण्यात, आणि तिथे घाई करू नये. नळी धारदार पात्याने अगदी काटकोनात कापली नाही, तर जोडणीतून हवा हळूहळू झिरपत राहते. नळी एक्झॉस्टपासून दूर न्यावी आणि संचात दिलेला उष्णतारोधक पत्रा अवश्य लावावा. प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दाब तपासावा आणि ५०० मैलांनंतर सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळावेत. या बाबतीत सूचनापुस्तिका स्पष्ट आणि चित्रांसह आहे. तिचे कौतुक केले पाहिजे.

हवा भरण्याचा व्हॉल्व्ह टायरसारखाच असतो. पिशवी लहान असल्यामुळे सायकलच्या पंपानेही काम होते आणि त्याच कारणाने नुसता दाब मोजतानाही थोडी हवा निघून जाते, हे लक्षात ठेवावे. मोबाइलवरून चालणारा कॉम्प्रेसर कंपनी स्वतंत्रपणे विकते, पण त्यासाठी साधारण तितकीच रक्कम पुन्हा मोजावी लागते. रोज वेगवेगळा भार वाहणाऱ्या व्यावसायिकाला तो उपयोगी पडेल. सुट्टीपुरता ट्रेलर ओढणाऱ्याने तो पैसा चांगल्या हिचवर खर्च करावा.

मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांना, म्हणजे २००९ पासूनच्या रॅम १५०० ला किंवा २०२२ पासूनच्या टोयोटा टुंड्राला, हा संच बसत नाही. त्यांच्यासाठी कॉइलच्या आत बसणारा ‘एअर लिफ्ट १०००’ असून त्याचा कमाल दाब ३५ पीएसआय आणि आधारक्षमता १,००० पौंड आहे. हवेची देखभालच नको असेल, तर टिंब्रेनचे पोकळ रबरी स्प्रिंग किंवा सुमोस्प्रिंग्ज हे पर्याय आहेत. त्यांत दाब कमीजास्त करता येत नाही, परंतु गळण्यासारखेही काही नसते. पाट्यांच्या गाडीसाठी फायरस्टोनचा राइड-राइट हा तुल्यबळ पर्याय असून त्याची क्षमताही ५,००० पौंडांपर्यंतच आहे.

मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे पट्ट्या आणि बोल्ट गंजतात. वसंतात गाडीचा तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन पिशवीच्या वळ्यांत अडकलेली खडी काढावी, कारण रबर झिजवते ती खडीच. अशा प्रदेशात राहणाऱ्याने थोडे अधिक पैसे देऊन स्टेनलेस स्टीलच्या नळ्या असलेला ‘अल्टिमेट प्लस’ घेतला तर ते शहाणपणाचे ठरेल. थंडी वाढली की पिशवीतील दाब आपोआप उतरतो, म्हणून ट्रेलर जोडलेला नसतानाही दाब ५ पीएसआयखाली जाऊ देऊ नये. आणि गॅरेजमध्ये गाडी चासीला आधार देऊन उचलायची असेल, तर ॲक्सल लोंबकळून पिशवी ताणली जाते, म्हणून त्याआधी हवा किमान दाबावर आणण्यास कारागिराला आठवणीने सांगावे.