उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी घेतलेली मुलांची पुस्तकं: दिवाळीपर्यंत कोणती टिकली

आधी घरचं सांगते, म्हणजे पुढचं तुमच्या कितपत उपयोगाचं ते तुम्हालाच ठरवता येईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा दुसरी संपवून बसला होता आणि पुतणी चौथी. मुलगा साध्या मराठी माध्यमात, पुतणी सेमी-इंग्लिशला. पुस्तकं एप्रिलच्या शेवटी घेतली, काही दुकानातून, काही प्रदर्शनातून, काही मोबाइलवर फुकट. आता दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे, म्हणजे कोणती खरंच वाचली गेली आणि कोणती कपाटात गेली हे बोलायला हरकत नाही.

कव्हरवर छापलेला वयोगट बघून पुस्तक घेऊ नका. ‘वयोगट ६ ते ८’ असं लिहिलेल्या एका पुस्तकात पानावर दोन ओळी होत्या, दुसऱ्यात पान गच्च भरलेलं. मराठीत मूल अडतं ते गोष्टीच्या लांबीपेक्षा जोडाक्षरांवर. दुसरीचं पोर ‘माकड झाडावर बसलं’ सहज वाचतं आणि ‘पर्वतावर सूर्यास्त’ आला की थांबतं. दोन रफार, एक जोडाक्षर आणि पुढच्या ओळीचा मूड गेलाच. म्हणून दुकानात उभ्या उभ्या मधलं एक पान मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं, पाचही मिटली तर ते पुस्तक सध्या त्यानं एकट्यानं वाचायचं नाही, ही जुनीच युक्ती आहे. पण ती भरल्या पानासाठी. चित्रपुस्तकाच्या पानावर शब्दच पंधरा-वीस असतील तर दोन बोटं मिटली तरी पुरे.

वाचून झाल्यावर ‘मग काय झालं?’ एवढं विचारायचं. आमचा मुलगा धडाधड वाचतो आणि अर्थ विचारला की छताकडे बघतो. असं झालं तर पुस्तक अवघड आहे किंवा कंटाळवाणं आहे, दोन्हीत ते ठेवूनच द्यायचं.

मुलासाठी सगळ्यात जास्त चाललं ते माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’. ज्योत्स्ना प्रकाशनाचा हा छोट्या पुस्तकांचा संच आहे, चित्रंही लेखिकेचीच. मी ती चाळली तेव्हा मला ती बालवाडीची वाटली. जाऊबाई तर म्हणाल्या, ‘अगं, त्याला जरा मोठं काहीतरी घे.’ पण पूर्ण पुस्तक एका बैठकीत स्वतः संपवलं, याचा त्याला इतका माज चढला की शेजारच्या घरी जाऊन वाचून दाखवून आला. घरातली माणसं, त्यांची रोजची कामं, बोलल्यासारखी वाक्यं. शेवटी ‘म्हणून मुलांनो’ नाही. नव्यानं वाचायला लागलेल्या मुलाला थोडं सोपं पुस्तकच द्यावं असं माझं आता ठाम मत झालं आहे. अवघड पुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवायला आहे की.

वाचून दाखवायला ‘वाचू आनंदे’ घेतलं होतं, संपादन पुरंदऱ्यांचंच. मराठी साहित्यातले वेचे आणि सोबत चित्रकारांची चित्रं. बालगट आणि कुमारगट असे भाग आहेत, आम्ही बालगट घेतला. पोरांच्या हातात दिलं तर फक्त चित्रं बघून होतात, पण रात्री कुणीतरी वाचायला बसलं की दोघंही जवळ सरकतात. आमच्याकडे हे काम सासूबाईंकडे आहे. त्या पुस्तकातली भाषा जशीच्या तशी ठेवत नाहीत, ‘तो म्हणाला’चं ‘त्यो म्हनला’ होतं, मधेच स्वतःचं चार वाक्यं घालतात. मुलगा मग पुस्तक ओढून घेतो आणि ‘आज्जी, असं नाही लिहिलंय’ म्हणून मूळ ओळ वाचून दाखवतो. सुट्टीत त्याचं सगळ्यात जास्त वाचन असं भांडणातूनच झालं.

फुकटातलं सांगायचं तर प्रथम बुक्सची ‘स्टोरीवीव्हर’ ही मुलांच्या गोष्टींची वेबसाइट. तिथे वयाऐवजी चार स्तर आहेत, पहिल्या स्तराची गोष्ट साधारण २५० शब्दांच्या आतली, दुसऱ्याची ६०० पर्यंत, तिसऱ्याची १५०० पर्यंत, चौथा त्याच्या पुढे. निवडायला हे फार सोयीचं. गोष्ट उतरवून छापूनही घेता येते, परवाना खुला आहे. आम्ही काही गोष्टी झेरॉक्सच्या दुकानातून काळ्या-पांढऱ्यात काढल्या आणि मुलानं त्या रंगवल्या, हा जास्तीचा फायदा. खोट एवढीच की भाषांतरं कुणीही करू शकतं, त्यामुळे मराठी कधी झकास, कधी ओढूनताणून. आधी आपण वाचायची आणि मग द्यायची. मोबाइलवर वाचायला मात्र देऊ नका. दुसऱ्या मिनिटाला व्हिडिओ सुरू असतो.

पुतणीची गोष्ट वेगळी. तिला गोष्टीपेक्षा माहिती हवी असते. शरीराच्या आत काय चालतं यावरचं एक सचित्र पुस्तक तिनं इतकं वाचलंय की जेवताना आतड्यांची लांबी ऐकायला लागते. तिच्यासाठी खरा खजिना निघाला तो बालभारतीचा ‘किशोर’. मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेत. गोष्ट, कविता, विज्ञान, कोडी सगळं एका अंकात, त्यामुळे एक आवडलं नाही तर पान उलटायचं. दुसरीच्या मुलाला तो मजकूर गच्च पडतो, चौथी-पाचवीला बरोबर. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकंही दोघांसाठी घेतली होती. स्वस्त, चित्रं चांगली, पण निवडून घ्यावी लागतात; काही भाषांतरं पाठ्यपुस्तकासारखी वाटतात. द्विभाषिक पुस्तकं आमच्याकडे चालली नाहीत. मुलगा मराठी ओळ वाचतो, पुतणी इंग्रजी, आणि मग पान कधी उलटायचं यावर वाद.

पैसे वाया गेले ते प्रदर्शनातल्या एका चकचकीत संचावर. नाव घेत नाही. दहा पुस्तकं, खोक्यात, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत तात्पर्य आणि खाली प्रश्न. पोरांनी दोन वाचली आणि ‘हा अभ्यास आहे’ असा निकाल दिला. शिवाय मजकूर चित्रावरच छापलेला, गडद हिरव्यावर काळी अक्षरं. मलाही डोळे बारीक करावे लागले.

पुस्तकं टिकण्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पिनांची बांधणी असलेली पातळ पुस्तकं मधली पानं सोडतात, पण ती स्वस्त असतात आणि सपाट उघडतात, लहान हातांना तेच बरं. डिंकानं चिकटवलेली जाड पुस्तकं दाबून उघडली की कण्यातून सुटतात. आणि आपल्या कोल्हापूरचा जुलै. खालच्या फळीवर भिंतीला टेकून ठेवलेल्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली, सोडवताना चित्रं निघाली. साध्या खरखरीत कागदाची फक्त थोडी फुगली. आता सगळी वरच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं पुढे.

विकत घेण्याआधी वाचनालयातून आणून बघितलं तर निम्मे पैसे वाचतात. करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून गावात आहे. घरात कुणी सभासद असेल तर पहिली चौकशी तिथे करा. पोराला आवडलेलं, पुन्हा पुन्हा मागितलेलं तेवढंच मग विकत.

दिवाळीसाठी पुतणीनं ‘किशोर’चा दिवाळी अंक सांगून ठेवलाय. मुलाला फुटबॉलवरचं पुस्तक हवंय, मराठी, तिसरीच्या पोराला एकट्याला वाचता येईल असं. क्रिकेटवरची दाखवली तर ती तो हातात धरत नाही, कोल्हापूरच्या फुटबॉलवेड्या पेठेतलं पोर आहे शेवटी. अजून तरी मनासारखं सापडलेलं नाही.