आजोबांचे विमान आणि रत्नागिरीतला फोटो स्टुडिओ

रत्नागिरीच्या बाजारपेठेतील एका जुन्या फोटो स्टुडिओत मी आजोबांचे, हवाई दलातील प्रशिक्षणकाळातले तीन फोटो स्कॅन करून घेतले. दमट हवेने त्यांतला एक फ्रेमच्या काचेलाच चिकटला होता. मालकांनी तो घाई न करता, कोपऱ्यापासून हळूहळू सोडवला. घरात सगळे फोटोंतल्या प्रशिक्षण विमानाला ‘हार्वर्ड’च म्हणत. मोठ्या आकारातील स्कॅन पाहिल्यावर मात्र हार्वर्डचे गोल, रुंद नाक कुठेच दिसेना. नाक निमुळते, पंखांची एकच जोडी आणि तीही खालच्या बाजूस, म्हणजे दुहेरी पंखांचे टायगर मॉथही नव्हे, आणि आसने एकामागे एक असल्याने शेजारी-शेजारी आसनांचे प्रेंटिसही बाद झाले. उरले ते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेले, १९५१ मध्ये प्रथम उडालेले एचटी-२.

तक्रार एकच, पण मोठी: ‘साफसफाई’ करताना तिथल्या मुलाने शेपटीजवळचा पुसट क्रमांक डाग समजून पुसून टाकला, आणि एखादे नेमके विमान शोधायचे तर तोच हाताशी लागतो. मूळ स्कॅन जपून ठेवलेला असल्याने दुसरी प्रत विनामूल्य मिळाली. फोटो देताना ‘काहीही पुसू नये’ असे पावतीवरच लिहून घ्यावे.