विटकरी पिशवी, नऊ महिने आणि तेरा सेंटिमीटर

ठाणे स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या चढताना माझ्या डब्यातली मटकीची आमटी सांडली. त्या दिवशी घरी येऊन मी हे लिहायला घेतलं. डबा चांगला होता, झाकणही घट्ट होतं. पिशवी हातात धरली होती आणि तिचा तळ प्रत्येक पायरीवर आपटत होता. फेब्रुवारीत ही पिशवी मी स्वतः विणली तेव्हा तिच्या पट्ट्यांची लांबी होती ६० सेंटिमीटर. आमटीच्या संध्याकाळी टेप लावली, तर ७३. माझी उंची पाच फूट एक इंच. ती काही वाढलेली नाही.

क्रोशा करणाऱ्यांना साखळी, खांब, मुका खांब हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी थोडक्यात आटोपते: साखळी म्हणजे एकात एक ओढलेल्या फासांची सुरुवातीची ओळ, खांब म्हणजे सुईला दोरा गुंडाळून घातलेला उंच टाका, मुका खांब म्हणजे न गुंडाळता घातलेला बुटका टाका. कॉटनचा आठ पदरी दोरा, चार मिलिमीटरची सुई, फेऱ्याला ११२ टाके, बाजूंना पॉपकॉर्नचे उठाव. एका टाक्यात पाच खांब घालायचे, सुई काढून घ्यायची, पहिल्या खांबाच्या डोक्यातून घालून सुटलेला फास ओढून घ्यायचा, की टपोरा दाणा वर येतो. दर चार टाक्यांवर एक दाणा, मधला फेरा नुसत्या मुक्या खांबांचा, पुढच्या फेऱ्यात दाणे दोन टाके सरकवून. असे सोळा फेरे, म्हणजे ४४८ दाणे. मोजले आहेत. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो लोकल पकडते मी, बसायला मिळतं म्हणून, आणि भांडुप येईपर्यंत दाण्यांचा एक फेरा व्हायचा. भायखळ्याला उतरेपर्यंत वरचा साधा फेराही. समोरची कोथिंबीर निवडणारी बाई आणि मी, दोघींची कामं साधारण एकाच वेगाने चालायची.

आधी चांगलं सांगते, नाहीतर पट्ट्यांवर घसरले की थांबणार नाही.

हे दाणे मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी दणकट निघाले. माझी अटकळ होती की पहिल्या धुण्यातच चपटे होतील. नऊ महिन्यांत अकरा वेळा धुतली, हाताने, आणि वाळताना बोटाने आतून जरा ढकलले की दाणे पुन्हा उभे. आणखी एक गंमत म्हणजे जिथे दाणे आहेत तिथे पिशवी ताणली गेलीच नाही. पाच खांब एकाच टाक्यात कोंबलेले असल्यामुळे वीण घट्ट बसते. वरचा सहा सेंटिमीटरचा साधा काठ मात्र फाकला, झालर लावल्यासारखा. बटण लावलं तरी दोन्ही बाजूंनी तोंड उघडं राहतं आणि पाकीट कोपऱ्यातून डोकावतं. लोकलमध्ये हे बरं नव्हे.

लोक मात्र हात लावतात. अनोळखी बायका विचारत नाहीत, सरळ दाण्यांवरून बोटं फिरवतात. मुंब्र्याला चढणारी एक दीड वर्षाची पोर महिनाभर रोज एकच दाणा ओढायची, तिचा ठरलेला. तो अजून शाबूत आहे. मला वाटतं पिशवी विणल्याचं खरं सुख हेच असावं, पण असल्या सुखाने आमटी थांबत नाही.

तर पट्टे. मी केलेली चूक अशी: सहा टाक्यांची अरुंद ओळ, उलटसुलट खांब घालत, मफलर विणतात तशी लांब वाढवत नेलेली. दिसायला सुरेख, होतंही पटकन. पण पट्टा टांगला की सगळा ताण खांबाच्या उंचीच्या दिशेने पडतो, आणि खांब म्हणजे काय, एकमेकांत अडकवलेले फास. ओढले की फास अरुंद होतात आणि लांब होतात, आणि कॉटनच्या दोऱ्याला लोकरीसारखी परत येण्याची ओढ नाही. गेला तो गेला. पहिल्या महिन्यात ६४, दुसऱ्यात ६७, पावसाळाभर ओलं ओझं वाहून ७३. दर महिन्याच्या एक तारखेला मी मोजत होते आणि दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहीत होते. घरच्यांनी यावर जे बोलायचं ते बोलून घेतलं.

चिडायचं कारण लांबी नाही. चिडायचं कारण ती साडीच्या दुकानातली फुकट मिळालेली कापडी पिशवी. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून आमच्या दाराच्या मागे खिळ्यावर अशा पंधरा तरी लटकल्या आहेत. त्यातल्या एकीतून मी पाच-पाच किलो कांदे आणले, तिचा पट्टा मिलिमीटरभर हलला नाही. मोजला. मागावर विणलेलं कापड म्हणजे सरळ उभे धागे, त्यांना लांबायला जागाच कुठे? आणि माझे तीस तास, उसवलेलं धरून, फासांच्या भरवशावर. एवढं साधं मला विणायच्या आधी सुचायला हवं होतं, पण सुई हातात आली की मी दाण्यांच्या नादी लागते.

वजनाचंही सांगून टाकते. अस्तरासकट रिकामी पिशवी ४६० ग्रॅम. म्हणजे पाण्याची अर्धी बाटली मी रोज उगाच वाहते आहे. पावसात भिजली की किती, ते तोलायचं धाडस केलं नाही. जुलैत वाळायला पूर्ण दोन दिवस पंख्याखाली, दाणे आतून पोकळ असल्यामुळे त्यांच्या पोटात ओल राहते आणि वास धरतो. त्यातल्या त्यात उपाय म्हणजे उलटी करून वाळवायची. अस्तर शिवून टाकलं असेल तर उलटी करूनही उपयोग नाही, म्हणून अस्तर वरच्या काठाला धावदोरा घालून टाचायचं, काढता येईल असं.

रंगाचं तर वेगळंच प्रकरण. विटकरी. दादरच्या एका दुकानातून पाच गोळे घेतले, १५० रुपयांना एक. एप्रिलच्या घामात पिशवीने माझ्या मोतिया कुर्त्याच्या बगलेखाली लालसर नकाशा काढला. दुकानात गेले. काऊंटरवरचा म्हणाला, "ताई, डार्क शेडचा थोडा जातोच." मी म्हटलं, "थोडा म्हणजे किती? वेष्टनावर तर पक्का लिहिलंय." म्हणाला, "वेष्टन आहे का? बिल?" वेष्टन नव्हतं. ट्रेनमध्ये विणणारी बाई वेष्टनं जपून ठेवत नाही. वर त्याने फुकटचा सल्ला दिला, मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा. तीन वेळा बुडवली. घरभर लोणच्याचा वास, रंगात ढिम्म फरक नाही. सुट्टा रंग धुऊन धुऊनच निघतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि तेही विणायच्या आधी, लडी करून. मला हे कुर्त्याच्या किमतीत कळलं.

एवढं लिहून मी ठेवून दिलं होतं. शेवटचं वाक्य "पिशवी विणू नका, कुशनचं कव्हर विणा" असं ठरलेलं होतं. मध्ये तीन आठवडे गेले आणि माझं मत बदललं. मत बदलण्याचं श्रेय सासूबाईंना जातं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

झालं असं की मी जेवणाच्या टेबलावर लांबलेले पट्टे उसवत बसले होते. त्या बघत होत्या. त्यांची सगळी हयात तोरणं, थालपोस आणि टीव्हीवरच्या रुमालांत गेली. ओझं उचलणारी वस्तू त्यांनी कधी विणली नाही. म्हणाल्या, "ह्याच्यात नवार का नाही घातलीस?" मी म्हटलं, "कुठली नवार?" "अगं, बाजेची. माणूस झोपतो तिच्यावर, तुझा डबा काय चीज आहे!"

नवार डोंबिवलीत मिळाली. हल्ली बाजा कोण विणतो, पण बॅगा शिवणाऱ्यांकडे तसलीच सुती जाड पट्टी असते, अडीच सेंटिमीटर रुंद, मीटरला २५ रुपये. तीन मीटर घेतली. नुसती पट्ट्यांच्या आत घातली असती तरी लांबणं थांबलं असतं, पण मग सगळं वजन काठावरच्या चार शिवणींवर आलं असतं आणि काठ आधीच फाकलेला. म्हणून नवारीचं एकच सलग कडं केलं: पुढच्या बाजूने वर, पट्टा होऊन पुन्हा खाली, तळाखालून मागच्या बाजूला, तिकडेही तसंच, आणि टोकं तळाशी एकमेकांवर चढवून मशीनवर चौकोन शिवून त्यात फुली. हे सगळं अस्तर आणि विणीच्या मधे. आता ओझं तळावर बसतं, तळ नवारीवर, नवार खांद्यावर. विणीला करायचं काहीच उरलं नाही, फक्त दिसायचं. थोडा अपमान वाटला, खोटं का बोला.

नवार झाकायला पुन्हा विणावं लागलं. या वेळी साखळी पट्ट्याच्या पूर्ण लांबीची, ओळी लांबीच्या दिशेने, फक्त मुके खांब, आणि सुई तीन मिलिमीटरची. बोटं दुखतात, हळूहळू होतं, पण हात लावला तर दोरखंडासारखं लागतं. कुणी नव्याने पिशवी विणणार असेल तर पट्टे असेच करा, नवार नसली तरी.

दोऱ्याचा प्रश्न आला तेव्हा पुन्हा दादर. तोच शेड नंबर सांगितला, गोळा आला, किंमत १६५ झालेली. या वेळी बिल घेतलं. घरी येऊन पिशवीजवळ ठेवला तर वीट आणि भोपळा. परत गेले. वेष्टनावर शेडच्या नंबराखाली लॉटचा वेगळा नंबर असतो. दर वेळी रंगाचं नवं पातेलं लागतं आणि दोन लॉट तंतोतंत जुळतील याची खात्री नसते. हे मला माहीत होतं. दुकानदाराने मात्र माहीत नसल्यासारखा चेहरा केला. "नंबर सेम आहे ना ताई, धुतल्यावर सेम होईल." परत घेणार का? उघडलेला माल परत नाही. उघडलेला म्हणजे, मी टोक बाहेर काढून पिशवीला लावून पाहिलं होतं, एवढंच. न उघडता रंग कसा बघायचा याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, मागे रांग मात्र होती.

शेवटी उसवलेला जुनाच दोरा वापरला. तो पिशवीबरोबर अकरा वेळा धुतला गेलेला, तिच्याबरोबरच फिका झालेला, त्यामुळे रंग जुळला तो असा की नवे पट्टे नंतर लावलेत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. उसवलेला दोरा शेवयांसारखा कुरळा असतो. त्याची लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, पाण्यात भिजवून खुंटीला टांगली, खाली ओला नॅपकिन अडकवून. सकाळी सरळ. हाताच्या घासण्याने जिथे तूस निघालं होतं तो भाग नवारीच्या बाजूला, आत, दडपला. खर्च शून्य. यात मला पिशवीच्या सगळ्या दाण्यांपेक्षा जास्त आनंद झाला, काय करणार.

ऑफिसातली एक जण म्हणाली, "मला पण दे ना करून, सहाशे देते." माझा हिशोब: गोळे ७५०, बटण २०, नवार ७५, अस्तर आईच्या जुन्या सुती साडीचं म्हणून फुकट. सहाशेत मला अडीचशे पदरचे घालावे लागतील, तीस तास वेगळे. तिचं म्हणणं, ऑनलाइन ४९९ ला मिळते. मिळत असेल. पण खरा क्रोशा विणणारं यंत्र अजून कारखान्यांत आलेलं नाही. स्वेटरची वीण यंत्रावर होते, ही वीण सुईने एकेक टाका घालूनच होते. म्हणजे ती ४९९ वालीही कुणीतरी हातानेच घातलेली आहे, आणि त्यातून दोरा, दुकान, कुरिअर वजा जाता त्या बाईच्या हातात काय पडलं असेल, याचा विचार मी भायखळ्यापर्यंत करत बसले. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात अशीच पिशवी २२०० ला पाहून मी मोठ्याने हसले होते. त्या स्टॉलवाल्या बाईंनी ऐकलं होतं बहुतेक.

नव्या पट्ट्यांचं माप आज, तीन आठवड्यांनी, ६० आणि थोडं. अर्धा सेंटिमीटर म्हणा, तोही टेप कशी धरली त्यावर. पिशवी हातात धरली की तळ पायरीपासून बोटभर वर राहतो. परवा त्यातून दोन किलो कांदे, डबा, छत्री आणि अडकित्ता दुरुस्तीला, असं सगळं आणलं. काठ अजून फाकलेला आहे. तिथे मुक्या खांबांचे दोन घट्ट फेरे घालायचे आहेत, पण आता दोरा उरला नाही, उरलाय तो फक्त भोपळ्याचा.

तो गोळा मी लडी करून बादलीत भिजत घातलाय. आज चौथं पाणी. अजून चहासारखंच आहे.