निरामयाचे पैसे नेले, लेकराचा फोटोही नेला

बीड, लातूर, धाराशिव, परभणी या पट्ट्यात ज्यांच्या घरी सीपीचं (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं शरीराची हालचाल नीट न होणं), ऑटिझमचं किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेलं लेकरू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे पालकांच्या ग्रुपच्या नावानं एका माणसानं पैसे गोळा केले, कागद नेले आणि लेकरांचे फोटो काढून नेले. असा माणूस तुमच्या गावातही येऊ शकतो. प्रकरण पोलिसांत आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सगळी सांगते.

आधी ग्रुप काय होता ते सांगते, म्हणजे नुकसान किती झालं ते कळेल. माझा मुलगा जन्मल्यावर उशिरा रडला. सहा-सात महिन्यांचा झाला तरी मान धरेना. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी असं लिहून दिलं, पण घरी गेल्यावर नेमकं काय करायचं ते मला थेरपीच्या रांगेत बसलेल्या दुसऱ्या आयांनी शिकवलं. आडवं धरून भरवू नको, पाठ आणि मान सरळ ठेवून भरव, म्हणजे ठसका लागणार नाही, हे परळीकडच्या एका ताईनं सांगितलं. फिटचं औषध आपल्या मनानं एक दिवसही बंद करायचं नाही, हे दुसरीनं बजावलं. एसटीला 75 टक्के सवलत असते, संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला द्यायचा, ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात आणि ते ग्रामसभेत उभं राहून मागायचे असतात, हे सगळं मला त्या बाकड्यावर कळलं. पुढं व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकाही होत्या. लेकरू कोपीत झोपवून रात्री कारखान्यावरून व्हॉइस मेसेज टाकायच्या, "ताई, आज दोनदा झटका आला, काय करू?" आणि कितीही वाजले असले तरी कुणीतरी उत्तर द्यायचं.

हा माणूस त्याच ग्रुपमध्ये आला. आणि तो खोटा पालक नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्याच्या मुलीला आम्ही पाहिलं होतं, त्याची बायको तिला थेरपीला आणायची. त्यामुळं "तुम्ही कोण, कुठले" असं त्याला कुणी विचारलंच नाही. ज्याच्या घरी आपल्यासारखंच दुखणं आहे तो आपल्याला फसवणार नाही, असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो.

सुरुवातीला त्यानं कामंही केली. एकीचा अडकलेला दाखला काढून दिला. कार्यालयात बाबूसमोर मोठ्यानं बोलायचा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम तोंडावर फेकायचा. आम्हाला ऐकूनच बरं वाटायचं, कारण आम्हाला तिथं कुणी खुर्चीही देत नव्हतं. मग म्हणाला, आपला पालक संघ काढू, नोंदणी चालू आहे. सदस्य फी घेतली. पावतीवर संघाचं नाव आणि जांभळा शिक्का होता, नोंदणी क्रमांकाची जागा कोरी होती. क्रमांक आला की लिहून देतो म्हणाला. संस्थेची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते आणि तिथं नावानिशी चौकशी करता येते, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मोठी रक्कम गेली ती निरामयाच्या नावावर. निरामया ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजना आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला 1 लाखापर्यंतचा खर्च मिळतो, त्यात ओपीडी आणि थेरपीसुद्धा येते. आधी तपासणी लागत नाही, वयाची अट नाही. योजना खरी आहे आणि चांगली आहे, म्हणूनच तिच्या नावावर फसवणं सोपं जातं. नोंदणीची फी दारिद्र्यरेषेखालच्यांना 250 रुपये आणि बाकीच्यांना 500 रुपये. दरवर्षीचं नूतनीकरण 50 आणि 250. या माणसानं माझ्याकडून 3500 घेतले. फाइलचा खर्च, दिल्लीला माणूस पाठवायचा खर्च, असा हिशेब सांगितला. काही आठवड्यांनी लॅमिनेट केलेलं कार्ड आणून दिलं. आज ते कार्ड हातात घेतलं की लगेच दिसतं, मुलाच्या नावाची अक्षरं बाकीच्या ओळीपेक्षा जरा वर चढलेली आहेत, ठसाही वेगळा आहे. दुसऱ्याच्या कार्डावर नाव चिकटवून झेरॉक्स काढली होती. मुलाच्या ईईजीची (मेंदूच्या तपासणीची) आणि थेरपीची बिलं त्याच्याकडं दिली, तर "क्लेम पेंडिंग आहे" हे एकच उत्तर वर्षभर येत राहिलं. शेवटी लातूरच्या एका नोंदणीकृत संस्थेत चौकशी केली. त्यांनी कॉम्प्युटरवर नंबर टाकला आणि मुलाच्या नावाची पॉलिसीच नाही म्हणून सांगितलं.

मग एकेक बाई बोलायला लागली. एकीच्या मुलीला सतरावं चालू होतं. तिला त्यानं सांगितलं होतं, अठरा झाली की तुमचा हक्क संपतो, पालकत्वाचा कागद केला नाही तर पोरगी सरकार घेऊन जाईल. ती माय रात्र रात्र झोपली नव्हती. खरी गोष्ट इतकीच आहे की अठरा वर्षांनंतर अशा मुलांसाठी कायदेशीर पालकत्व घेता येतं, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते, आणि त्यात लेकरू घेऊन जाण्याचा प्रश्नच येत नाही. त्या बाईनं भीतीपोटी कानातले मोडून पैसे दिले होते.

दुसऱ्या एका घरी त्यानं दाखल्यावरचे टक्के वाढवून देतो म्हणून पैसे घेतले. याबद्दल फार सावध राहा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) यांना फी नाही. टक्के डॉक्टर तपासून ठरवतात, योजनांसाठी बहुतेक ठिकाणी 40 टक्क्यांची अट असते. बनावट कागदावर लाभ घेतला तर त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तेव्हा एजंट सापडत नाही, नाव आपल्याच लेकराचं असतं. टक्के कमी वाटले तर अपील करता येतं, तो सरळ रस्ता आहे.

मुंबईला स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन दिलं की लेकरू चालायला लागेल, असं सांगून त्यानं दोन घरांकडून आगाऊ रक्कम उचलली होती. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखी मोजकी कारणं सोडली तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. सीपीसाठी तर नाहीच.

आता फोटोचं सांगते. पैसे गेले त्याचं दुःख आहे, पण मला रात्री उठवतं ते हे. संघाच्या फाइलला लागतो म्हणून तो घरी फोटो काढायला आला. मी मुलाला अंघोळ घालून, भांग पाडून, नवा शर्ट घालून बसवलं होतं. तो म्हणाला, शर्ट जुना घाला. मग म्हणाला, पायातले स्प्लिंट (आधाराच्या पट्ट्या) काढा, पाय दिसू द्या. मुलाच्या हनुवटीवर लाळ आली, मी पदरानं पुसायला गेले तर म्हणाला, "राहू द्या ताई, पुसू नका. साहेबांना खरी परिस्थिती दिसली पाहिजे." मुलगा त्याच्याकडं बघून हसत होता, तर हसणं थांबेपर्यंत तो मोबाइल धरून उभा राहिला.

पुढं पुण्याच्या माझ्या भाच्यानं एक फॉरवर्ड पाठवला. तोच फोटो. खाली दुसरंच नाव, दुसरंच गाव, आई वारली म्हणून लिहिलेलं, ऑपरेशनला 6 लाख लागणार आणि क्यूआर कोड. मी जिवंत आहे, माझ्या मुलाचं कुठलंही ऑपरेशन ठरलेलं नाही, आणि त्याची लाळ मी दिवसभर पुसते. ग्रुपमधल्या आणखी लेकरांचे असे फोटो निघाले. आईबापाच्या लेखी परवानगीशिवाय लेकराचा फोटो कुणालाही काढू देऊ नका, आणि कुणी स्प्लिंट काढा म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

ग्रुपवर हे सांगितलं तेव्हा बरेच जण गप्प बसले. काहींनी त्याचीच बाजू घेतली, कारण त्यांची कामं त्यानं केली होती. काही बायका ग्रुप सोडून गेल्या. कारखान्यावरून येणारे व्हॉइस मेसेज बंद झाले, आणि फिट आल्यावर त्या आता कुणाला विचारत असतील हे आठवलं की माझा जीव कासावीस होतो. आम्ही एकेकीला फोन करून परत बोलावतोय. आता ग्रुपमध्ये पैसे कुणी कुणाकडं देत नाही. ज्याचा अर्ज तो स्वतः जातो, सोबत एक माहितगार आई जाते, आणि मूळ कागद पिशवीतून बाहेर काढायचा तो फक्त अधिकाऱ्यासमोर. त्या माणसाच्या बायकोला आम्ही ग्रुपमधून काढलं नाही. तिची मुलगी थेरपीला येते, तिची व्यायामाची वेळ चुकायला नको.

तुमच्याकडं असं काही झालं असेल तर चॅट डिलीट करू नका आणि रागानं पावती फाडू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तासाभरात लावलात तर रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. फोटो वापरला असेल तर त्या पोस्टचा स्क्रीनशॉट, लिंक, क्यूआर कोड आणि त्यावरचा यूपीआय आयडी जपून ठेवा आणि मगच पोस्ट काढायला लावा. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा पोलिसांनी सगळ्यात आधी हेच मागितलं, आणि पोस्ट आधीच उडवून टाकलेल्या दोन घरांकडं दाखवायला काहीच उरलं नव्हतं.